डेलच्या मेणाची थाळी

मी, लव्हॉन मे हॉकन्सन, कै. अर्डेल ऊर्फ डेल हॉकन्सन यांची पत्नी, वय ७८, राहणार लुईसटाउन, मोंटाना, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही, तेवढी छाती या गावात कोणाची नाही. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत, विशेषतः रागाच्या भरात लिहिलेलं ते.

कलम १. राहतं घर, आतलं सामान आणि बँकेत जे काही उरेल ते माझी मुलगी कॅरिन हिला मिळावं. कॅरिन, जुने पडदे फेकलेस तरी चालेल, मी बघायला येणार नाही. ओव्हन मात्र चांगला आहे. बाकीच्या घरापेक्षा तो इतका नवा का, ते पुढे कलम ४ मध्ये येईलच.

कलम २. माझा पिकअप ट्रक शेजारी ऑस्कर लीन यांना द्यावा. त्यांच्या मधमाश्यांच्या पोळ्यांतलं मेण आम्हाला वर्षानुवर्षं मिळालं आणि त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. ट्रकचा हीटर फक्त उन्हाळ्यात चालतो, याची ऑस्करना कल्पना आहे.

कलम ३. माझी पिस्तुलं, शिसं वितळवायचं भांडं, गोळ्यांचे साचे आणि शेडमधलं सगळं शिसं नेमबाजी क्लबला द्यावं. हे शिसं टायरच्या दुकानातून चाकांचा तोल साधायची जुनी शिशाची वजनं मागून आणून मी आणि डेलने गाळलेलं आहे, तेव्हा ते दरवाजा उघडा राहावा म्हणून टेकू लावायला वापरू नये. गोळ्या तिथले लोक ओततील, पण मेण? शिशाच्या गोळीच्या खाचेत मेण नीट भरलं नाही, तर पिस्तुलाच्या नळीत शिसं चिकटतं आणि मग माणूस रविवारची प्रार्थना सोडून नळी घासत बसतो. क्लबातल्या निम्म्या मंडळींना हे अनुभवाने कळलंय. उरलेल्या निम्म्यांना कळलंय, पण ते वाऱ्याला दोष देतात.

डेलची रीत अशी होती: 'पाय' नावाचा गोड पदार्थ भाजायच्या थाळीत गोळ्या उभ्या मांडायच्या, मेण आणि चरबी वितळवून खाचा बुडेपर्यंत ओतायची, गोठू द्यायची आणि मग एकेक गोळी कापून काढायची. ती कधी कापायची, हे तो अंगठ्याने दाबून ठरवायचा. लवकर कापलं तर मेण ओघळतं, उशीर झाला तर तडकतं. हे कागदावर लिहून कोणाला देता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

कलम ४. माझा धाकटा भाऊ रॉइस टफ्टे याला काहीही देऊ नये. ट्रक नाही, साचा नाही, शेडमधला खिळासुद्धा नाही. चुकून राहिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून हे वेगळं कलम.

झालं असं. रॉइसने मेण सोडलं आणि रंगाच्या पावडरीचा नाद लावून घेतला. गोळ्या पावडरीत घोळवायच्या, भट्टीत भाजायच्या, की वर टणक निळं कवच बसतं. धूर नाही, हात चिकट होत नाहीत. मी कबूल करते की त्या निशाणावर चांगल्या लागतात. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही आणि आता कागदावर म्हणते, कारण कागदाला गालातल्या गालात हसता येत नाही.

डेल गेला त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला, सकाळी, रॉइसचा भाजायचा छोटा ओव्हन जळाला. दुसऱ्या दिवशी स्पर्धा. मग या शहाण्याने काय करावं? मी चर्चला गेले असताना माझ्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये शिशाच्या गोळ्या भाजल्या! मी आले, टर्की आत ठेवली, आणि ती अर्धी शिजल्यावर तळाशी एक निळी गोळी दिसली. शिसं म्हणजे विष, तेव्हा टर्की कचऱ्यात गेली, ओव्हन भंगारात गेला. ते मी माफ केलं असतं. पण मी ओरडले तेव्हा तो म्हणाला,

"ताई, ओव्हनचं एवढं काय घेऊन बसलीस? आणि ते धुरकट मेण तरी आता बंद कर. डेल गेला."

मी त्याला दार दाखवलं. तेव्हापासून स्पर्धेत आम्ही दोन टोकांना उभे राहतो आणि एकमेकांची निशाणं दुर्बिणीतून बघतो. मला त्याची फार आठवण येते. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाची आठवण येणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा आहे, पण येते.

कलम ५. आता खरं कारण. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी, पुढे भानगड नको, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून रॉइसला काही दिलेलं नाही. साक्षीदार म्हणून बोलावलं की त्याला या टेबलाशी येऊन बसावंच लागेल. दुसरी युक्ती मला सुचली नाही.

कलम ६. (सही करण्यापूर्वी वाढवलेलं.) रॉइस आला. बूट बाहेर काढले, टोपी काढली नाही. मी सगळं वाचून दाखवलं. "चांगल्या लागतात" तिथे तो हसलाच. "डेल गेला" तिथे त्याने टोपी काढली.

"मी असं बोललो होतो?"

"शब्द न् शब्द."

तो उठून त्या नव्या ओव्हनपाशी गेला. मग म्हणाला, "ती थाळी कुठंय? पायची?"

"फडताळात. का?"

"माझ्या नावावर कर."

"अरे, मग तुला सही करता येणार नाही!"

"दुसऱ्या कोणाला धर. मला थाळी हवी."

"तुला ओतता तरी येतं का रे नीट?"

"नाही. तू शिकव ना, ताई."

सबब कलम ४ रद्द. डेलची थाळी रॉइसला द्यावी. अट एकच: ती माझ्या मरणानंतर नव्हे, आजच घ्यावी आणि दर शनिवारी भरायला इथेच घेऊन यावी. ओव्हनला हात लावू नये.

ठिकाण: लुईसटाउन, मोंटाना. दिनांक १९ ऑक्टोबर २०१९, शनिवार.

(सही) लव्हॉन मे हॉकन्सन

आमच्या समक्ष सही झाली:

१. विल्मा स्कोग, समोरच्या घरातल्या

२. ~~रॉइस टफ्टे~~ जोआन फिंक, टपाल द्यायला आल्या होत्या. रॉइसला सही करायला सवड नाही, तो शेगडीपाशी मेण ढवळतो आहे.