माझ्या सावलीत ठणठणीत निघालेलं शेत

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (ड्रोनची पेटी उचलताना कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त मनोमन.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? या दोन गोष्टी काल मी फोनवर तीन वेळा विचारल्या आणि तिन्ही वेळा मुख्य गोष्ट न सांगता फोन ठेवला, म्हणून आता लिहिते आहे. आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर तुमच्याच रस्त्याने जातो आहे, तो तासाभरात हे पत्र पोहोचवेल.

गेल्या सोमवारी मी तुमच्या टोमॅटोवर ड्रोन उडवला. त्याआधी एक राखाडी पाटी जमिनीवर ठेवून तिचा फोटो घ्यायचा असतो. तिच्यावर ऊन किती पडलंय ते पाहून पानं किती निरोगी आहेत हे सेन्सर ठरवतो. पाटी सपाट हवी, म्हणून मी ती पाणसळीने तीनदा तपासली, आणि वाकल्या वाकल्याच फोटो घेतला. तेव्हा तुम्ही बांधावरून म्हणालात, "अगं, तुझीच सावली पडतेय तिच्यावर." यंत्र ते आपोआप सुधारून घेतं, असं मी तुम्हाला समजावलं. चांगली पाच मिनिटं समजावलं. यंत्र असलं काहीही सुधारत नाही. (माहितीपुस्तिकेत पान चारवर ठळक अक्षरांत आहे. नव्या लोकांना ते पान मीच शिकवते.)

सावलीमुळे पाटी काळवंडली, तिच्या मानाने पानं उजळ ठरली, आणि अख्खं शेत नकाशात हिरवंगार आलं. विहिरीकडचा कोपराही. संध्याकाळी मामींनी त्याच कोपऱ्यातलं तपकिरी ठिपक्यांचं पान माझ्यापुढे धरलं. "करपा आहे हा. उपटू का रोपं?" एका पानावरून निष्कर्ष काढू नये, असं म्हणून मी त्यांना नकाशा दाखवला. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

काल ऑफिसात तो फोटो मोठा करून पाहिला. पाटीवर मी आहे, टोपीसकट. माझा इतका रेखीव फोटो दुसरा नाही. साहेबांना सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. पुष्कळ वेळ.

बाकी सर्व ठीक, टोमॅटो सोडून.

तुमची भाची

ता. क. विहिरीकडच्या कोपऱ्यातली रोपं आजच्या आज उपटा आणि शेतापासून लांब पुरा. आणखी उशीर झाला तर सगळा प्लॉट जाईल. (हे वाक्य सर्वांत वर हवं होतं. सहा कागद फाडले, प्रत्येक वेळी गुडघ्यापासूनच सुरुवात झाली.)

आणखी एक. मामी, मामांची पत्रं आधी तुम्ही उघडता हे मला माहीत आहे. तुम्ही नकाशा पाहिलात त्याच संध्याकाळी ती रोपं गुपचूप उपटली असणार, असा मला दाट संशय आहे, आणि आशाही. तसं असेल तर मामांना एवढंच सांगा, की भाचीचं पत्र वाचून उपटली.