पायांची राखण

४ जानेवारी, सर्वण
आले एकदाची गोव्यात. डिचोलीतल्या नव्या खासगी इस्पितळात नोकरी, सर्वणला भाड्याची खोली, आणि मालकीणबाई सुविधा. तिने सामान उतरायच्या आत माझं वय, जात आणि नवरा का नाही हे तिन्ही विचारून घेतलं. वर पोदेराकडचे, म्हणजे इथल्या पाववाल्याकडचे, गरम उंडे आणि पातळभाजी पुढे केली. पुण्यात शेजारणीला माझं नाव कळायला तिची बदली व्हावी लागली होती.

मग तिने काम विचारलं. सांगितलं, मणक्याचं ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या पायांना तारा लावून बसते. मशीन बारीक झटके देतं, पडद्यावर लाटा उठतात. लाट बसली की शीर दुखावतेय असं समजायचं आणि सर्जनला थांबवायचं. भुलीत पडलेल्या माणसाच्या वतीने ओरडायचा पगार. सुविधा म्हणाली, तेवढंच? मी म्हटलं, तेवढंच.

९ जानेवारी
डॉक्टर गुरुदास उत्तम सर्जन आहेत, आणि हे त्यांनाही माहीत आहे. आज लाट बसली, मी थांबवलं. सगळे हातातली हत्यारं धरून पुतळ्यासारखे उभे. निघालं काय, तर निसटलेली तार. मग दिवसभर चहाच्या टेबलावर माझी नक्कल. “थांबा हां, शालिनीबाईंची तार हलली.” आयुष्यभर मी लोकांच्या नकला करत आले. स्वतःची ऐकायला फार जाड कातडी लागते. माझी तेवढी नाही.

१५ जानेवारी
उद्या भिकाजीचं ऑपरेशन. दोडामार्गाकडचा, खनिजाचा ट्रक चालवून कंबर गेलेला. त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, गावाहून एक म्हातारा गावकर आणलाय. फाटकाबाहेर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मी पायांशी बसणार हे कळल्यावर मलाही त्यात उभं केलं. गावकर म्हणाला, “ह्येच्या पायांवर ज्येची नजर असात, ती ढळाक दिव नको. ढळली, तर ह्येचा जा जायत ता त्येचाय जावंदे.” म्हणजे नजर ढळली, तर याचं जे होईल तेच राखणाऱ्याचंही होवो. सगळ्यांबरोबर मीही ओरडले, “व्हय म्हाराजा.” गंमत म्हणून, जरा जास्तच मोठ्याने.

रुक्मिणी हसली नाही. म्हणाली, “ताईनू, ह्येंचे पाय तुमच्या हवाली.”

१६ जानेवारी
सहा स्क्रू बसवले. त्यातल्या एकाच्या वेळी डाव्या पावलाची लाट बसली. तारा चाचपल्या. घट्ट होत्या. भूल वाढवली असेल, म्हटलं; त्यानेही लाट बसते. रक्तदाब उतरला असेल. येईल वर. तोंड उघडलं आणि पुन्हा काही निघालं नाही, तर तो चहा, ते टेबल. वाट बघत बसले. टाके पडले. गुरुदासांनी विचारलं, सगळं ठीक? मी मान हलवली.

१७ जानेवारी
भिकाजीचं डावं पाऊल लुळं आहे. स्कॅनमध्ये सगळे स्क्रू सरळ दिसतात. गुरुदास पहिल्यांदाच बारीक आवाजात बोलले. “सहाच्या सहा उकलून तर बघता येत नाहीत. कोणता ते कळलं असतं, तर उद्याच काढला असता. उशीर झाला की शीर मरते.” मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला तरी काही दिसलं नाही.

कोणता ते मला माहीत आहे. मशीनमधल्या नोंदीचा तेवढा भाग मी पुसला. इथेही लिहिणार नाही. लिहिलं की पुरावा झाला.

१९ जानेवारी
संध्याकाळी खोलीत बसले होते. डाव्या तळव्याला कुणीतरी तेल चोळलं. कोमट, अंगठ्यापासून टाचेपर्यंत, दाबून. खाली बघितलं. कोणी नाही. पाय कोरडा.

नर्सला सहज विचारल्यासारखं विचारलं. रुक्मिणी रोज संध्याकाळी नवऱ्याच्या पायाला खोबरेल चोळते म्हणे. त्याला काही कळत नाही, तरी चोळते.

२१ जानेवारी
वॉर्डाच्या दारात उभी होते. रुक्मिणीने त्याच्या तळव्यावर नख ओढलं, कळतंय का बघायला. तो छताकडे बघत पडलेला. मी कळवळून पाय वर घेतला. तिने पाहिलं.

“तुमी बघत होतास ना?”

होय म्हटलं.

“मगे?”

मी वळून निघून आले. कॅन्टीनमध्ये आज कोणीच माझी नक्कल केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी
आज तेल लागलं नाही. वाटलं, सुटले. मुद्दाम जाऊन बघितलं. रुक्मिणी चोळत होती. तिची बोटं फिरताना दिसत होती आणि मला काहीच— म्हणजे शीर मरतेय.

घरी सुविधा ओरडली, ओसरीभर रक्त कसलं? काच घुसली होती तळव्यात. मला माहीतच नाही.

२४ जानेवारी
गुडघ्यापर्यंत गेलंय. स्वतःला तारा लावून बघितल्या. उजवीकडे लाट. डावीकडे सपाट. घट्ट होत्या तारा. घट्टच होत्या—

भिकाजीला उद्या घरी नेणार. गावच्या वैद्याकडे. पुन्हा इथे यायचा नाही तो.

२५ जानेवारी
सांगायचं ठरवलं. करू देत नकला. लंगडत गुरुदासांच्या दारात उभी राहिले. तोंड उघडलं. जीभ हलेना. हिरडीला टेकवून बघितली, कळेना तोंडात आहे की— ते म्हणाले, बरं नाही का, घरी जा.

रिक्षाने खोलीवर. कंबर गेली.

हात आहे अजून. सुविधा, हे गुरुदासांना नेऊन दे. धावत जा. गाडी सुटायच्या आत.

डॉक्टर, त्याला थांबवा. लाट बसली होती. मी बघितलं. मी गप्प बसले. तारा ठीक होत्या. एकच काढायचाय, बाकी पाच बरोबर—

पेन दिसतंय. धरल्याचं कळत नाही.

डाव्या बाजूचा. तिथे तीन आहेत. वरून मोजू नका, खालून— खालून जो