देवाला काय सांगायचं ते पुस्तकात नाही

मालवण, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, १९५७

राजमान्य राजेश्री काशीरामशेट, मुक्काम मोंबासा, यांना व्याही शंकरचा मनापासून नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमचा दमा, विहीणबाईंचे गुडघे आणि आपल्या दोघांचा नातू (तो रोज तुमच्याच मांडीवर असतो, तरी अर्धा माझा) यांची खुशाली कळवावी. जावईबापूंना, म्हणजे आमच्या बाळाला, म्हणावं की आईला लिहिताना अक्षर मोठं काढलं म्हणून मजकूर वाढत नाही. पत्र मीच तिला वाचून दाखवतो, तेव्हा मधली भर मला पदरची घालावी लागते.

आम्ही दोघांनी कायमचं बाळाकडे यायचं ठरल्यावर, परदेशी जाऊन म्हातारपण कसं काढावं याबद्दलची तुम्ही पाठवलेली तिन्ही पुस्तकं पोचली. अभिप्राय विचारलात, तो देतो. माझी इंग्रजी बोटीच्या पावत्या वाचून आलेली, त्यामुळे वेळ लागला. पण काथ्या घेताना गठ्ठा उसवून आतला माल बघायची जन्माची सवय, पुस्तकंही तशीच उसवली. मराठी पुस्तकाचा लेखक बोटीत चढलेला नाही. 'डेकवरील मंद वाऱ्याने चित्त प्रसन्न होते' असं तो लिहितो. ज्याने एकदा, वेंगुर्ल्यापर्यंत का होईना, कठड्याला पोट लावलंय, तो वाऱ्याबद्दल इतक्या मायेने बोलत नाही. निळ्या इंग्रजी पुस्तकात चाकर कसे ठेवावेत यावर मोठं प्रकरण आहे. मी स्वतः परक्याच्या दुकानात चाकर म्हणून वाढलो, तेव्हा ते दुसऱ्या बाजूने वाचलं आणि बरी करमणूक झाली. (जकातीचं प्रकरण मात्र त्याने मला विचारून लिहायचं. आमचा परदेश बांद्याच्या पुढे पोर्तुगीज हद्दीतच सुरू व्हायचा, आणि तिथल्या नाक्यावर उभं राहून माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या.)

घात केला तो लाल पुस्तकाने. लिहिणारा कुणी निवृत्त कर्नल आहे. तो म्हणतो, निघण्याआधी तिकडच्या राहणीची घरातच सवय करा. म्हणून बाळाच्या आईने, सुभद्रेने, दुकानातलं टेबल माजघरात आणवलं आणि मी तळलेल्या बांगड्याला काटा-सुरी लावली. त्या माशाला जाळ्यातसुद्धा एवढा जाच झाला नसेल. अर्धा बांगडा टेबलाखाली गेला, उरलेल्याचा एक काटा माझ्या घशात. शेवटी सुभद्रेने ताट उचलून पाटासमोर ठेवलं. म्हणाली, "जेवा आता हातान. कर्नल काय बघणा नाय."

घरातल्या घरात होतं तोवर ठीक. पण पुढच्या पानावर कर्नल म्हणतो, गुपचूप निघू नका, स्नेह्यासोबत्यांना वेळेवर कळवा आणि सावकाश निरोप घ्या. त्याच्या गावात निरोप म्हणजे रुमाल हलवणं असेल. आमच्याकडे निरोप म्हणजे जेवण. मी न्हाव्याकडे दाढी करताना शब्द काढला, आणि दाढीची दुसरी बाजू होईपर्यंत पहिलं आमंत्रण आलं. मग सगळी वाडी रांगेने जेवायला घालू लागली. वडे-सागोती, माझ्या हातात नारळ, सुभद्रेची ओटी, मग थोडं रडणं, आणि शेवटी आफ्रिकेतल्या कुणा भाच्यासाठी द्यायची पुरचुंडी (आफ्रिका म्हणजे यांना एका अंगणातली दोन घरं वाटतात). सगळं यथासांग पार पडलं आणि मुंबईहून कळलं, प्रवासाचे कागद अडकलेत, थांबा.

आता ओटी भरलेली बाई आणि नारळ घेतलेला पुरुष गावात हिंडताना दिसले की लोकांना चुकल्यासारखं होतं. मासळीबाजारात गंगू मला बघून टोपली झाकते. "शेटानू, तुमी अजून हयसरच?" असं विचारते आणि माझ्यासाठी बारके बांगडे निवडते. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बरे बांगडे गावात ऱ्हवतल्यांका." दुकानाच्या ओटीवर माझ्या खुर्चीत कुणी ना कुणी बसलेला असतो. मला बघून उठतो, नाही असं नाही, पण पाहुण्यासाठी उठावं तसा. हल्ली मी मागच्या पाणंदीने जातो-येतो. काशीरामशेट, मी दमलो. गाव सोडून दमलो असतो तर गोष्ट वेगळी, मी न सोडताच दमलो.

त्याहून अवघड झालं ते गाऱ्हाण्याचं. तिकडे राहून तुम्ही विसरला असाल, म्हणून लिहितो. निघण्याआधी ग्रामदेवतेपुढे गुरव आपलं काम मोठ्याने देवाच्या कानावर घालतो आणि जमलेली मंडळी होकार भरतात. आमच्या गुणाजी गुरवाने सुरुवात झोकात केली. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो शंकर बायलेक घेवन समुद्रापलीकडे चल्लो हा, तेंका सांभाळून पोचय." मंडळी म्हणाली, "व्हय म्हाराजा." आणि तिथे तो अडला. एरवी पुढचं वाक्य ठरलेलं, सुखरूप परत हाड, म्हणजे परत आण. पण आम्ही कायमचे निघालेले. गुणाजी माझ्याकडे वळून हळूच विचारतो, "शेटानू, परत हाड म्हणू काय नको?"

मंडळी तोंडं उघडून थांबलेली. तिन्ही पुस्तकांत याचं उत्तर नाही. मग मागून सुभद्रा म्हणाली, "त्येंका परत हाड म्हणान सांग. माझा सांगू नको." गुणाजीने तसंच सांगितलं, मंडळींनी तसाच होकार भरला.

तेव्हा पुस्तकांचा उपयोग म्हणाल, तर लाल पुस्तक जाड आहे. अंगणात सुंगटं, म्हणजे बारकी कोळंबी, वाळत घातली की त्यांच्यावरच्या जाळीला वजन म्हणून ते ठेवतो, कावळे येत नाहीत. बाकी सर्वांना यथायोग्य सांगावं, लहानग्याचा पापा घ्यावा. लोभ आहेच, तो तारवात भरून पाठवण्याची सोय नाही एवढंच.

आपला व्याही,
शंकर

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. मजवर एक उपकार करा. 'घर लहान, तूर्त येऊ नये' अशी तार ठोका. तार तुमच्या नावाने हवी, बाळाच्या नको. आई मुलावर रुसली तर चूल पेटत नाही. व्याह्यावर रुसायची रीतच आहे, आणि तुम्ही काही इतक्यात मालवणात पाऊल टाकत नाही. तार आली की तासाभरात बाजारभर होईल. लोक तुम्हाला चार शब्द बोलतील, आणि मला खुर्ची आणि बरे बांगडे मिळतील.

दुसरा ता. क. पत्र सुभद्रेला वाचून दाखवलं, सहीपर्यंतच. तिला अक्षर येत नाही, पण कान माझ्याहून तिखट. म्हणाली, "सही झाल्यार टाक लय येळ करकरत होतो. काय व्हता ता?" सांगावं लागलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, ट्रंकेतली माझी धोतरं काढून खुंटीवर टाकली आणि त्या जागी नातवासाठी शिवलेल्या गोधड्या दाबून भरल्या. "तुमी ऱ्हवा," म्हणाली. "माका पोचय म्हणान देवाक सांगितलेला हा."

तिसरा ता. क. तार करू नका. जागा दोघांची धरा. विहीणबाईंना सांगा, जेवायला पाट मांडा, टेबल नको. आत्ताच गुणाजीकडे जाऊन आलो. म्हटलं, तिच्याही नावाने परत आण सांग. तो म्हणतो, घातलेलं गाऱ्हाणं फिरवता येत नाही. देवाच्या गळ्यात तुम्हाला परत आणायचं पडलंय, बाईचं तुमचं तुम्ही बघा. तेव्हा तिला परत आणायला मला तिकडे यावंच लागेल.