अनसूयाची मूठ

मंगळवार, ६ जानेवारी

परत लाल!

आयुष्यभर प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे केले — डबे, झाकणं, बादल्या — आणि एका उलथन्याच्या मुठीनं मला लोळवलं.

दिवाळीत अनसूयाला अर्धांगाचा झटका आला. चालते, बोलते, भांडते. पण उजवी बोटं अर्धीच मिटतात. उलथनं धरलं की सुटून तव्यात पडतं. मग ती भाकरी सोडून नुसती बघत बसते. ते मला बघवत नाही. म्हटलं, बायकोच्या हाताच्या मापाची मूठ करू. तिच्या हातात माती दिली, खालून हात मी धरला, माती घट्ट होईपर्यंत दोघं बसलो. माण गावात जाऊन त्या मातीचं स्कॅन केलं. कारखान्यात डिझाइन करणाऱ्या ज्ञानदानं ते कॉम्प्युटरवर चढवलं. वरचा भाग हिरवा — साच्यातून सुटेल. बोटांच्या मधला लाल — अडकेल.

गुरुवार, ८

वाटी साच्यातून सुटते, गडू अडकतो. म्हणून भिंतीला उतार द्यायचा, ड्राफ्ट. एवढं मला झोपेतही कळतं. ज्ञानदाला म्हटलं, दे तीन अंश. सॉफ्टवेअर म्हणतं, जमणार नाही!

"काका, शेजारचे सरफेस एकमेकांत घुसतायत."

"मग एकच दे."

दिला. हिरवंगार! आणि बोटांच्या खाचाच गायब. उरलं लाटणं. साच्यातून सुटेल ते तिच्या हातातूनही सुटेल की! मग करायचं काय?

शनिवार, १०

साचा उघडायची दिशा बदलून बघितली. बोटं हिरवी, तर अंगठा लाल! आमचा मशीनवाला कैलास म्हणाला, "शेठ, बाजूनं सरकता तुकडा टाका, खाच सुटंल." टाकला — साचा दुप्पट झाला. अनसूयानं स्क्रीनवर पाहिलं.

"अवो, उलथनं करताय का ट्रॅक्टर?"

ज्ञानदा म्हणते, एकच हवीय तर थ्रीडी प्रिंट काढू. तव्यापाशी टिकायचं का ते? साचाच!

सोमवार, १२

स्कॅनमध्ये खोट असेल म्हणून परत माप घेतलं. कारखान्यात उशिरा गेलो. माती घट्ट होईतो ही बोलत होती — महाळुंग्याच्या चुलतजावेनं जमीन विकली, भुकूमच्या बहिणीला नातू झाला. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं!

नवं माप जुन्यावर ठेवलं. जुळेना. करंगळीची खाच खोल, मधलं बोट भलतीकडंच.

बुधवार, १४

संक्रांत. तिसरं माप. तेही वेगळं! स्कॅनवाल्याला फोनवर झापलं.

"शेठ, मशीन तेच, मीही तोच. माती बघा."

गुरुवार, १५

माती बदलली. तरी वेगळं.

ज्ञानदा म्हणते, "काका, यातला खरा हात कुठला धरू?" अनसूयाला म्हटलं, अगं, एकसारखं दाब की.

"दाबतीय की! हात हाय माझा, मशीन न्हाई तुमचं."

खरं आहे. पण मग उतार द्यायचा कुठल्या मापाला? डोकं चालेना.

शुक्रवार, १६

माझे कान भलते तिखट. कारखान्यात साच्यातली एखादी पिन कण्हली तरी मी ऑफिसातून उठतो. आज दुपारी दारात चप्पल काढत होतो. ज्ञानदा लॅपटॉप घेऊन आधीच आलेली. आतून तिचा आवाज —

"काकू, कबूल करा. मुद्दाम वेगळं दाबता ना?"

"हळू बोल गं! एक दिस करंगळी आवळायची, एक दिस सोडायची. माप जुळलं की ह्ये पळालं कारखान्यात. एवढ्या वर्सांत माझा हात धरून कवा बसलं न्हाईत."

चप्पल परत पायात घातली. रागावू की हसू तेच कळेना. टपरीवर दोन चहा घेतले. लाल-हिरवं सगळं एकच दिसायला लागलं.

शनिवार, १७

आत्ता उजाडलं मला! मुद्दाम वेगळं दाबते — म्हणजे बोटं तिचं ऐकतायत!

कुणाला काही बोललो नाही. माती मळायला घेतली. म्हटलं, "अनसूया, बस इथं. अजून लाल दिसतंय."