बगळ्याचे आठ झेल

लीड्स,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. इथे थंडी लवकर पडली, फ्लॅटचं हीटिंग या वर्षी पहिल्याच फटक्यात चालू झालं, आणि हॉस्पिटलमधल्या इन्फ्यूजन पंपांची वार्षिक तपासणी संपत आली आहे. वहिनीला आणि मायराला आठवण सांग.

पत्र का, हा प्रश्न तुला पडेल. फोनवर तू विषय बदलतोस आणि मेसेजला अंगठा दाखवतोस. घरी पाठवलं असतं तर वहिनीने आधी उघडलं असतं. म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, उद्याच पोचेल अशा स्पेशल डिलिव्हरीने. मराठीत असल्यामुळे तिथे कुणी उघडलं तरी बिघडणार नाही.

आधी आपल्या तिघांच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्पर्धेबद्दल. बाबांच्या नियमाप्रमाणे नवख्यांना चार सामने देऊन झाले, कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं ते निकाल आले. झेल घेणाऱ्या माझ्या तीन नवख्या रिसीव्हरांपैकी दोन मी ठेवतेय, एक सोडतेय. सोडलेल्याने झेल बरेच घेतले, पण तो मैदानात जितक्यांदा धावला त्या मानाने त्याच्याकडे चेंडू फारच क्वचित फेकला गेला. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा त्याच्यावर विश्वास नाही, आणि क्वार्टरबॅक त्याला रोज सरावात पाहतो, मी पाहत नाही. तुझा तो ठेंगू मात्र चांगला निघाला. हरणाऱ्याने दिवाळीला चकल्या तळायच्या, म्हणजे यंदा बहुधा मीच.

आता बाबांच्या निकालाबद्दल.

गेल्या मंगळवारी आपल्या तिघांच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. ‘डेल्टन मार्श: आठ झेल, चौऱ्याण्णव यार्ड. उत्कृष्ट. ठेवणार.’ तू लगेच टाळ्या वाजवल्यास. मी तो चार वेळा वाचला.

पहिली गोष्ट, बाबा टाइप करत नाहीत. इतकी वर्षं ते बोललेलंच पाठवत आलेत, मध्येच चहाचा घोट घेत, मध्येच टीव्हीतल्या पंचाला शिव्या देत. दुसरी, डेल्टन मार्श कोण हे बाबांना माहीत असायचं कारण नाही. सप्टेंबरात त्याला निवडताना ते म्हणाले होते, “हा बगळा माझा. वळताना डावा पाय कसा रोवतो बघा. बाकीचे गेले खड्ड्यात.” त्यांनी आजवर एकाही खेळाडूला त्याच्या आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने हाक मारलेली नाही.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. मी तो सामना पाहिला होता. आठपैकी सहा झेल शेवटच्या क्वार्टरमधले. बगळ्याचा संघ चोवीस गुणांनी मागे होता. समोरचे मागे सरकून उभे होते. छोटे छोटे झेल घ्या, वेळ जाऊ दे, असं त्यांचं चाललेलं. बाबा याला काय म्हणतात ते तुला माझ्याइतकंच पाठ आहे: हरलेल्या सामन्यातले झेल म्हणजे लग्नात उरलेली जिलबी, पानावर कुणालाही वाढतात. शिवाय तिसऱ्या क्वार्टरमध्ये चेंडू दुसऱ्याकडे गेलेला पाहून बगळा दोनदा आपला रूट अर्धवट सोडून चालायला लागला. चेंडू येवो न येवो, आखून दिलेली वाट पूर्ण धावायची, यावर बाबा नवख्याला जोखतात. ते ओहायोत गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया शिकायला गेले तेव्हापासून. सामना पाहिला असता तर त्यांनी बगळ्याला त्या दोन वेळांसाठीच काढलं असतं.

म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने सामना पाहिलेला नव्हता, फक्त आकडे वाचले होते. नाव, अपूर्णविराम, आकडे, एक विशेषण. तुझ्या ठेंगूचा निकालही नेमका याच साच्यात होता.

मला तुझाच संशय आला. पण का लिहिशील, ते कळेना. स्पर्धेत फसवायचं म्हणावं तर बाबांना जिंकवून तुझा काय फायदा? म्हणून मी रविवारी वॉटफर्डला बाबांकडे गेले. तुला सांगितलं की सहज चाललेय. सहज नव्हतं.

बाबा स्टेशनवर घ्यायला आले नाहीत. फोनवर म्हणाले, “चालत ये गं, हवा सुरेख आहे.” पाऊस पडत होता.

सहाला सामना सुरू झाला. बगळा मैदानात आला तेव्हा बाबा पुढे झुकले.

“हा कोण गं? बरा दिसतोय.”

“बगळा. तुमचाच आहे.”

“माझा?” मग हसले. “हो, हो. माझाच की.”

एक निरीक्षण म्हणजे काहीच नाही, हे मला त्यांनीच शिकवलंय. थोड्या वेळाने ते म्हणाले, “आता आत वळणार बघ.” आणि बगळा आत वळला. त्याच्यावर नेमलेला बचावपटू बाहेरच्या बाजूला फसला होता. “खांदा खोटं बोलतो,” बाबा म्हणाले, “पाय बोलत नाही.” पुढचा अर्धा तास ते असंच सांगत होते आणि एकदाही चुकले नाहीत. मग जाहिराती लागल्या. संपल्यावर त्यांनी मला विचारलं, “हा कोण गं? बरा दिसतोय.”

माझ्या कामात असं यंत्र येतं कधीकधी. मापन अचूक असतं, नोंद साठत नाही. नर्सला वाटतं यंत्र ठीक आहे, कारण पडद्यावरचा आकडा बरोबर असतो.

सोमवारी सकाळच्या गाडीने परत जाणार असं मी तुला कळवलं होतं. गेले नाही. मुद्दाम? हो, मुद्दाम. तू सोमवारी आणि गुरुवारी मायराला शाळेतून आणायला बाबांना पाठवतोस. ते कसं होतं, ते मला बघायचं होतं.

दुपारी मी त्यांच्या शेजारी गाडीत बसले. त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी काढली नाही. स्टँडवर लावलेल्या फोनकडे बघत राहिले. मग तो वाजला.

“बाबा, तयार? पहिला रूट. सरळ जायचं, सिग्नलला आउट, डावीकडे.”

“जी, क्वार्टरबॅकसाहेब.”

मी तोंड उघडलं तर बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. तुला शेवटपर्यंत कळलं नाही की मी तिथे होते. तू फार चांगलं सांगत होतास, दादा. पेट्रोल पंप येण्याआधी पेट्रोल पंप सांगत होतास. मध्ये एक विनोदही केलास, त्या जाड्या कोचवरचा, आणि ते खळखळून हसले. माझा संशय तिथे थोडा डळमळला हे नोंदवून ठेवते.

शाळेतून येताना मायरा मागे होती. मला पाहून आनंदली, पण तुझा फोन लागण्याआधीच दटावलं, “आत्या, तू शांत बस हं. डॅडी call करतोय ना.”

मोठ्या राउंडअबाउटपाशी तुझा आवाज तुटला. तुला मीटिंगमध्ये कुणी बोलावलं असेल, किंवा नेटवर्क गेलं असेल. बाबा राउंडअबाउटमध्ये शिरले होते. त्यांनी गाडी थांबवली. कडेला घेतली नाही. आहे तिथे, फिरत्या गाड्यांच्या मधोमध थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून फोनकडे बघत बसले. मागून एक व्हॅन आली, जोरात हॉर्न मारत अगदी बाजूने गेली. मायराच्या बाजूने.

“घाबरू नको आत्या,” मायरा म्हणाली. “Last time पण असंच झाला होता. आपण wait करायचा. डॅडी पुन्हा call करेल.”

मी म्हटलं, बाबा, डावीकडे. ते डावीकडे वळले. घरी पोचलो. तुझा फोन आम्ही दारात असताना आला. बाबा म्हणाले, “टचडाउन!” आणि तू ओरडलास, “येस!”

त्या ‘लास्ट टाइम’बद्दल तू मला काही सांगितलेलं नाहीस. वहिनीला सांगितलं आहेस का, हे मी बरंच जोखून पाहिलं. माझा अंदाज, नाही.

माझ्या मनात दोन शक्यता आहेत आणि दोन्ही लिहिते, म्हणजे तुला खोडता येतील. एक: तुला बाबांची मान खाली जाऊ द्यायची नाही, म्हणून तू त्यांच्या फोनवरून त्यांच्या नावाने निकाल लिहितोस आणि रस्ता दाखवण्याचा खेळ करतोस. दोन: आफ्टर-स्कूल क्लबमध्ये मायराला जागा मिळाली नाही, तुम्हा दोघांना लवकर निघता येत नाही, आणि बाबांना काही झालंय असं एकदा मान्य केलं की आठवड्याचे दोन दिवस कोसळतात. पुरावा दोन्हींना आहे. मला पहिली खरी वाटायला हवी. दुसरी जात नाही डोक्यातून.

तू मायराला घेऊन गेल्यावर, मी निघायच्या आधी, बाबांशी बोलले. तू तिला न्यायला आलास तेव्हा मी वरच्या खोलीत होते. होय, लपले होते, आणि मायरालाही मी आल्याचं सांगू नकोस म्हटलं होतं.

“बाबा, गाडीची किल्ली द्या.”

“किती सामने पाहिलेस?”

“एकच.”

“मग? एकावरून निकाल देतात? मी शिकवलं ते हे?”

“मागच्या सीटवर मायरा होती.”

त्यांनी रिमोट उचलून टीव्हीच्या बंद पडद्याकडे धरला, मग तसाच खाली ठेवला. मला वाटलं विसरले, मी काय विचारलं ते. मग म्हणाले, “नवख्याला चार सामने द्यायचे, कारण तो चुकला तर काय होतं? एक झेल सुटतो. पण गुडघा हाताला गरम लागला, तर मी कधी चार दिवस थांबलो नाही गं. त्याच दिवशी उघडायचा.” आणि त्यांनी जुडग्यातून गाडीची किल्ली काढायला घेतली. नख अडकत होतं. मी मदत केली नाही. करायला हवी होती की नको, अजून ठरवता आलेलं नाही.

“उदयला सांगू नकोस,” ते म्हणाले.

“किल्लीचं? ते त्याला कळणारच.”

“किल्लीचं नाही. मला कळतंय, ते सांगू नकोस. तो मला रूट सांगतो ना, त्याला वाटतं मी खेळ समजून खेळतो. पोरगं ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बोलतं, मागे दाराचे आवाज येतात. मार्चपासून मला कळतंय. तो विचारत नाही. त्याने विचारलं तर मी सांगेन. पण त्याला विचारायचीच भीती वाटते, मग मी म्हणतो, जी, क्वार्टरबॅकसाहेब.”

“आणि मायरा?”

ते एका हाताने दुसऱ्या हाताचा अंगठा चोळत राहिले. लहानपणापासून त्यांनी आपल्याला भ्यायला शिकवलं नाही, दादा; काल पहिल्यांदा मी त्यांना भ्यालेलं पाहिलं.

मी त्यांना वचन दिलं नाही. म्हणून हे लिहू शकतेय.

GP डॉक्टरकडे यायला ते तयार आहेत. मी म्हटलं, मी रजा काढते. म्हणाले, “तू नको. तू मोजत बसशील. उदय आला तर जाईन.” हे मला लागलं, आणि ते बरोबरही आहे.

गाडीची एक किल्ली इथे माझ्यासमोर टेबलावर आहे. दुसरी तुझ्या घरी आहे. गुरुवारी ती तू बाबांच्या हातात देणार नाहीस, असं मी धरून चालले असते तर बरं झालं असतं, पण तसं मला धरता येत नाही. ज्याने बगळ्याला ‘उत्कृष्ट’ लिहिलं त्याचा निकाल मी तपासल्याशिवाय घेत नाही. तरी शाळेला अजून फोन केलेला नाही, वहिनीलाही नाही. गुरुवारी सकाळी करेन. त्याआधी तू स्वतः वहिनीला सांगितलंस, तर तिला ते माझ्याकडून कळणार नाही.

आणि बाबांच्या घरी जा. फोन नको. समोर बस, टीव्ही बंद कर आणि विचार. ते उत्तर तयार ठेवून बसले आहेत. ते उत्तर त्यांच्या लक्षात किती दिवस राहील, ते मला मोजता येत नाही.

तुझ्यावर विश्वास ठेवायला गुरुवारपर्यंत थांबलेली,
वरदा