फक्त मोजायचं होतं

बदलापूर. जुलै, रविवार दुपार.

मॅडम, इतकी वर्षं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफ करा. तुम्ही होतात तेव्हा दिवाळीला फोन करायचे, तोही दरवर्षी नाही. तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं होऊन गेली आणि या पंधरा वर्षांत तुमची आठवण मी बहुतेक वेळा स्वतःची शोभा वाढवायलाच वापरली. नव्या प्राध्यापकांना चहाच्या वेळी सांगते, उल्हासनगरच्या आमच्या भूगोलाच्या मॅडम अशा होत्या, मी मुलांशी वागायला त्यांच्याकडून शिकले. ऐकणारे माना हलवतात आणि मला बरं वाटतं. मंगळवारी मी वर्गात जे केलं, त्यानंतर ही गोष्ट मला कुणाला सांगता यायची नाही. म्हणून आधी तुम्हालाच सांगते.

तुमची भूगोलाची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. आपलं कॉलेज म्हणजे दुकानांच्या रांगेवरचे दोन मजले. खाली जीन्स शिवायचे कारखाने, त्यांच्या मशिनींचा आवाज बाकांच्या पायांतून वर चढायचा, म्हणून तुमची खिडकी कायम बंद असायची. नकाशांचं ते रुंद कपाट, त्याचा खालचा कप्पा अडकायचा, तुम्ही त्याला गुडघ्याने ढकलायचात. आणि टेबलावर स्टीलचा डबा, त्यात कोकी, कांदा घातलेली जाड पोळी. आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील अंबरनाथच्या कंपनीत कामगार, आम्ही बुवापाड्यात एका खोलीत पाच जण. कॉलेजात मला एकाच गोष्टीची भीती होती, की हे कुणाला कळेल.

पहिल्याच वर्षी, कॉलेज सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. अर्थशास्त्राच्या तासाला शिपाई शिष्यवृत्तीच्या फॉर्मची नोटीस घेऊन आला. सरांनी ती वाचली, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "कॅटेगरीवाले उभे राहा रे, पटापट. ऑफिसला आकडा द्यायचाय." बाकं वाजली. माझ्याशेजारी माझी मैत्रीण होती, आमच्याच गल्लीतली, पहिलीपासून माझ्यासोबत शाळेत गेलेली. ती उभी राहिली. मी बसून राहिले. तिने वरून माझ्याकडे बघितलं. मागून एक मुलगा म्हणाला, "ए, तू पण बुवापाड्याची ना?" मी मान न वळवता म्हटलं, "नाही. मी ओपनमधून आहे." सरांनी मोजलं, चौदा. त्या चौदांत ती होती. पंधरावी मी, बंद खिडकीकडे बघत बसले होते.

घरी जाताना शेअर रिक्षात ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "तुझं नाव मी गुपचूप देऊ का ऑफिसात? कुणाला नाय कळणार. फॉर्म राहिला तर तुझे पप्पा ओरडतील." मॅडम, ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिला म्हटलं, "तू गप्प बस." त्यानंतर आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसायला लागलो. कुणी कुणाला सोडलं, असा प्रश्न मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला विचारत राहिले. प्रश्न तसा विचारला की उत्तर दोघींत वाटलं जातं. खरं म्हणजे बाक मी बदलला.

पुढच्याच आठवड्यात ते फॉर्मचं काम तुमच्याकडे आलं आणि तुम्ही ते तुमच्या पद्धतीने करायला घेतलंत. यादी बाजूला ठेवलीत आणि वर्गातल्या सगळ्यांना बोलावलंत, एकेकाला, पाच-पाच मिनिटं. कापडवाल्याचा मुलगा, ज्वेलरची मुलगी, कारखान्याच्या साहेबाची मुलगी, सगळी. बाहेर रांग बघून कुणाला कळायचं नाही, कोण कशासाठी आलंय. त्यात अकरा दिवस गेले. स्टाफरूममध्ये तुमची चेष्टा चालायची, "मॅडमचा दवाखाना उघडला." तुम्ही दारातूनच उत्तर दिलेलं आम्ही ऐकलं होतं, "दवाखाना नाही सर, लंगर. तुम्ही पण या, वजन कमी झालंय तुमचं."

माझी पाळी आली. मी आत येते, तुम्ही कोकीचा तुकडा हातावर ठेवता. "बस, बेटा. आधी खा, मग बोल." समोर अंबरनाथ-उल्हासनगरचा मोठा नकाशा पसरलेला. "तुझं घर दाखव." प्रत्येकाला तुम्ही हेच विचारायचात, हे मला बाहेर कळलं होतं, म्हणून मी तयारीने आले होते. मी शिवमंदिराजवळ बोट ठेवलं. तिथे चांगल्या बिल्डिंगी होत्या.

"इथून स्टेशन किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"आणि बुवापाड्यातून?"

मी नकाशावरचं बोट काढून घेतलं. तुम्ही पेन्सिल घेतलीत, बुवापाड्यात एक बारीक ठिपका काढलात. शेजारी दुसरा ठिपका होता, माझ्या मैत्रिणीने दाखवलेला. मग तुम्ही फॉर्म पुढे सरकवलात आणि कुठे कुठे सही करायची ते दाखवलंत. सह्या झाल्यावर म्हणालात, "खोटं बोललीस, ते जाऊ दे. पोरं बोलतात. पण ती उभी होती, तेव्हा तू कुठे बघत होतीस?"

"खिडकीकडे."

"खिडकीत काय होतं?"

"काही नाही, मॅडम."

तेव्हा तुम्ही तुमच्या वडिलांचं सांगितलंत. फाळणीत सिंधमधून सगळं टाकून ते इथल्या कॅम्पात आले, तेव्हा बॅरेकीसमोर रोज लाइन लागायची. नाव सांगा, बापाचं नाव सांगा, किती जण आहात. "तिकडे त्यांचं दुकान होतं, लोक त्यांना शेठ म्हणायचे. इथे कारकून त्यांना काठीने मोजायचा. असा, लांबून. बाबूजी म्हातारे झाले तरी रेशनच्या लाइनीत उभे राहायचे नाहीत, आईला पाठवायचे. माणसाला सगळ्यांसमोर उभं करून मोजायचं नाही, बस. वेळ लागला तर लागू दे." तुम्ही आवाज चढवला नव्हता. तरी आजवर मला कुणी इतकं रागावलेलं नाही.

मैत्रीण दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून गेली, तिचं लग्न झालं. त्याला कारणं पुष्कळ होती, मी त्यातलं किती, ते मला ठरवता येत नाही. तुम्ही एकदा विचारलं होतंत, "बोललीस का तिच्याशी?" मी "हो" म्हटलं होतं. बोलले नव्हते, मॅडम.

आता मंगळवारचं. मी इथे बदलापुरात एका छोट्या कॉलेजात शिकवते, हे तुम्हाला माहीत होतं. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन आले होते तेव्हा तुम्ही मिस्टरांना हाक मारून म्हणालात, "बघा, माझी मुलगी प्रोफेसर झाली." शिष्यवृत्तीचं काम माझ्याकडे आलं ते मी मागून घेतलं. सोळा वर्षं मी सगळ्यांना एकेक करून बोलावत आले. यंदा एफ.वाय.ला दोन तुकड्या आहेत, एकशे चाळीस मुलं. कागद ऑनलाइन भरायचे असतात. सोमवारी प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या मुलाखती यंदा राहू द्या. पोर्टल बंद झालं तर उत्तर तुम्ही देणार का?" ऑफिसने यादी हातात दिली. मंगळवारी पहिल्या तासाला मी वर्गात गेले, टेबलावर पर्ससुद्धा ठेवली नाही, आणि म्हटलं, "कॅटेगरीतून ॲडमिशन झालेले जरा उभे राहा. पटकन. मला फक्त मोजायचंय."

मॅडम, ते शब्द तोंडातून निघताना मला काही झालं नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतंय. सरांचा आवाज आठवला नाही, तुमचा नाही, काही नाही. मुलं उभी राहिली, मी बोटाने मोजली, अकरा. यादीत बारा. तिसऱ्या बाकावर एक मुलगी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती. शिरगावात नव्या टॉवरांच्या मागे बैठ्या खोल्यांची रांग आहे, तिथे ती राहते. आई त्याच टॉवरांमध्ये घरकाम करते. बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या मुली त्या टॉवरांमधल्या आहेत. हे सगळं मला नंतर कळलं. तिच्या फॉर्मवर ते नव्हतं, पण पाच मिनिटं समोर बसवलं असतं तर कळलं असतं. मी तिचं नाव मोठ्याने वाचलं. "तू पण ना?"

ती बसूनच म्हणाली, "नाही मॅडम. मी ओपन."

माझेच शब्द. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. मी यादी वर धरली आणि म्हटलं, "मग इथे नाव कसं आलं?" मागून एक जण हळूच म्हणाला, "अरे भाई, मॅडमने पकड लिया." चार-पाच जण हसले. ती उभी राहिली. मी "बारा" म्हटलं आणि निघाले.

बुधवारी ती आली नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी मी फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला. आईने उचलला. मी कॉलेजातून बोलतेय म्हटल्यावर एकदम आवाज खाली आला. "मॅडम, तिनं काय चोरीबिरी केली का वो?"

"नाही नाही, ताई. असं का विचारता?"

"नाय, घरी येऊन बोलली, वर्गात सगळ्यांसमोर माझं नाव पुकारलं. पुढं काय सांगत नाय. नुसती भिंतीकडं तोंड करून पडते. आमच्यात कुनी एवढं शिकलं नाय, आमाला काय समजत नाय. तिचा बाप बोलला, जाऊ दे, कंपनीत पॅकिंगला लावू. सोमवारपासून घेतायत."

मी म्हटलं, "तसं काही करू नका. तिने काही केलेलं नाही. वर्गात जरा गोंधळ झाला, एवढंच. मी बघते."

गोंधळ झाला. म्हणजे कुठून तरी वारा आला आणि कागद उडाले. त्या बाई दोन दिवस आपल्या मुलीच्या दप्तरात चोरीचं काही आहे का ते शोधत असतील. मी एवढंच सांगायला हवं होतं, की नाव पुकारणारी मी होते. ते मला जमलं नाही. काल दिवसभर मला वाटत होतं, मुलीला एक निरोप पाठवावा, छान लिहिलेला, तुमची कोकी आणि माझी बुवापाड्याची गोष्ट घालून. लिहायलाही बसले. मग कळलं, त्यातसुद्धा मीच बरी दिसत होते. लहानपणी गरीब होते म्हणजे आता जे केलं ते अर्धं माफ, असं मी तिला सांगू बघत होते. मोबाइल बाजूला ठेवला. हे पत्रही कदाचित तसंच असेल. तुम्ही नाहीत, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं आहे. वही मिटली की संपलं. तुम्ही असतात तर फक्त "खिडकीत काय होतं?" विचारलं असतंत.

एक गोष्ट अजून लिहिलेली नाही. वर मी प्राचार्यांचं आणि पोर्टलचं लिहिलं, ते खरं आहे, पण त्यामुळे झालं हे खरं नाही. पोर्टल बंद व्हायला अजून वीस दिवस होते. रोज सात मुलं बोलावली असती तरी झालं असतं. मला कंटाळा आला होता, मॅडम. दरवर्षी तीच पाच मिनिटं, तीच घाबरलेली तोंडं, त्यांना धीर द्यायचा. मला लवकर घरी जायचं होतं.

उद्या: सकाळी सातच्या आत शिरगाव. आई कामाला आणि मुलगी कंपनीत जायच्या आधी. दोघींना समोर बसवून सांगायचं की ते मी केलं.