टाचण्या ओठांत असताना

१२ जून

चि. टाचणीस,
अ. उ. आशीर्वाद.

आज इस्त्री करताना उगाच आठवलं. शाळा उघडायच्या आधी आई आपल्याला स्टुलावर उभं करून स्कर्टची दुमड टाचायची. ओठांत टाचण्या, त्यामुळे तोंडाला कुलूप. शाळेतल्या सिस्टर पट्टी लावून लांबी बघतील या धाकाने मी पुतळ्यासारखी उभी. तू मात्र इतकी चुळबुळ करायचीस की शेवटी ती तुझे खांदे धरून तुला भोवऱ्यासारखं फिरवायची. तुझं नाव टाचणी पडलं ते तेव्हाच. धरायला जावं तर टोचायचीस.

अजूनही टोचतेस. आईला माझ्याकडे आणावं असं मी लिहिलं, तर तू म्हणे तिलाच विचारलंस आणि ती नाही म्हणाली. अर्धांगाच्या झटक्याने जिची वाचा गेली, तिने नाही म्हटलं! एक थाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं नर्सबाईंनी ठरवून दिलंय आणि आईने दोन थापा मारल्या. छान. मी येऊन गेले तेव्हा ही भाषा नव्हती. तेव्हा एवढंच पाहिलं, की मी आईजवळ एकटी बसले की तू चहा घेऊन हजर, आणि तुझ्या अहोंना नेमकी तेव्हाच खिडकीची कडी बघायची असायची.

राग मानू नकोस, पण विचारणारी तू, उत्तर घेणारी तू आणि मला कळवणारीही तूच. ताईकडे जाशील का असं विचारलंस, की मला सोडून जाशील का असं? आणि आई खरंच नाही म्हणाली असेल, तर माझं काय चुकलं हे आता ती मला कधी सांगणार?

कळावे. लोभ आहे, संशयही आहे. दोन्ही सांभाळून घे.
तुझी ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चहा तुझ्यासाठी होता. खिडकी खरंच वाजते. आता मी विचारते. इतकी वर्षं सुट्टीपुरती येणाऱ्या तुला एकाएकी आई कशी हवीशी झाली? की आपण विचारलं होतं, असं चार लोकांना सांगता यावं म्हणून? मी नाही म्हणेन हे गृहीत धरूनच तू लिहिलं असशील, असं मला वाटून गेलं.

आणि खोटंच लिहायचं असतं, तर निदान माझ्या कौतुकाचं लिहिलं नसतं का? ती मलाही नाहीच म्हणते गं. सकाळी अंघोळ करून मी तिच्यासमोर उभी राहते. भूक लागली का, दोन थापा. उशी हवी का, दोन थापा. नर्सबाईंनी विचारलं की गादीवर थाप मारून शहाण्यासारखं उत्तर देते. माझ्या वेळी मात्र माझ्या कोपरावर, दोनच, आणि भुवई वर. पुन्हा विचारलं की चिडून डोळे मिटते. जुन्या पडद्याचा, अंघोळीनंतर घालायला गाऊन शिवलाय मी स्वतःला, तिच्याच मशीनवर (हसू नकोस), त्याकडेही अशी बघते, जणू मी काही चोरलंय. मी केलेलं काहीच तिला पटत नाही. दूर असलेली लेक लाडकी, हे मला कळून चुकलंय.

अहो म्हणतात, ताईंना सगळं लिहू नकोस, त्यातून भलतं काढतील. काढ.

राग ओसरेपर्यंत लोभ जपून ठेव.
टाचणी

२७ जून

चि. टाचणे,
अ. उ. आशीर्वाद.

आधी खरं सांगते. तुझं पत्र मी खोट शोधायलाच वाचलं. गादी आणि कोपर यापाशी अडखळले. म्हटलं, पकडली! मग माझ्याच कोपरावर दोनदा थाप मारून पाहिली.

अगं, कोपरावर दोन थापा म्हणजे वळ. एक थाप म्हणजे हलू नकोस. ओठांत टाचण्या असताना ती माझ्याशी असंच बोलायची. गिऱ्हाइकांच्या मुलींचे फ्रॉकसुद्धा ती माझ्यावर बेतायची, म्हणून मला ही खूण पाठ. तुला ती खांदे धरून फिरवायची, तुला कशी ठाऊक असणार? तू सकाळी तिच्यासमोर उभी राहतेस ती वाकड्या गाऊनमध्ये, आणि ती तुला वळायला सांगतेय. ती ‘नाही’ म्हणतच नाहीये, तुलाही आणि मलाही. ती तिचं काम करतेय.

आता प्रश्न विचारू नकोस. नुसती वळ. मग काय होतं ते जसंच्या तसं लिही. विश्वास ठेवायचा प्रयत्न करीन.

लोभाची दुमड थोडी सोड.
ताई

५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वळले. पाठीमागे गाऊनचा घेर ओढल्यासारखा झाला. मग कोपरावर एक थाप. मी पुतळा झाले. खांद्यावरून चोरून पाहिलं तर तिचं बोट ओठांकडे जात होतं आणि नसलेली टाचणी घेऊन परत घेराकडे येत होतं. चेहरा इतका शांत होता, की माझ्याकडून हुंदका सुटला आणि लगेच एक थाप बसली. हलायचं नाही.

तिचं झाल्यावर मी खाली बसले, तिचा हात गादीवर ठेवला आणि ताईकडे जाशील का असं विचारलं. फक्त एवढंच. गादीवर एक थाप पडली. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी लिहिलं नसतं तर तुला कधी कळलं नसतं, हेही माझ्या मनात येऊन गेलं. थाप मारून झाली तरी ती माझ्या गाऊनची कड सोडत नव्हती. त्याचा अर्थ मी लावणार नाही. तूही लावू नकोस.

रविवारी तिला घेऊन येते. मशीन माझ्याकडे राहील, त्यावर वाद नको. मोठी कात्री तुझ्या लेकीला. मोजपट्टी मला. आईची निळी शाल नर्सबाईंना, ती जाणार म्हणून त्या रडतच होत्या. टाचण्यांची उशी आईच्या मांडीवरून कोणी हलवायची नाही. स्टूल तुला. पडद्याचा गाऊनही तुलाच, घालून तिच्यासमोर उभी राहा. दुमड मी उसवून ठेवली आहे. ती शिवू नकोस.

लोभ सामानातच आहे, काढून घे.
टाचणी